जीपखालचा लाल ठिपका

मुंजा, तुझा तेरावा उरकला. पाहुणे गेले, मांडव निघाला, आणि अंगणात निंबाखाली तुझी जीप तेवढी उरली आहे. कोरड्या कालव्यातून काढून ट्रॅक्टरने ओढत आणली तेव्हा जशी उभी केली तशीच आहे. पुढचं एक चाक घराकडे बघतंय, दुसरं रस्त्याकडे. येणारा-जाणारा आधी तिच्याकडे बघतो, मान हलवतो आणि मग माझ्याकडे बघतो. मी, तुझा फिटर, तिच्याखाली जाऊन आलोय हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी तिथे काय पाहिलं ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगतोय. तुझ्यावर चिडून सांगतोय, तेवढं ऐकून घे.

तू कसा गेलास याच्या गावात आता चार गोष्टी झाल्या आहेत. कुणी म्हणतं समोर रानडुक्कर आलं, कुणी म्हणतं तुला चक्कर आली. खरं एवढंच की दिवसाचं लख्ख ऊन होतं, रस्ता सरळ होता, तू एकटाच परभणीला निघाला होतास आणि कालव्याच्या भरावावर जीप अचानक एका अंगाला वळून खाली गेली. तुझ्या मागून मोटारसायकलवर शाळेचे मास्तर येत होते. ते सांगतात, तू स्टेअरिंग फिरवत होतास आणि चाक ऐकत नव्हतं. मला तेवढं पुरे झालं. मी पूर्ण्याहून तुझ्या मयतीला निघालो तेव्हा गाडीत बसल्या बसल्या रडू यायच्या आधी मला नटाचा विचार आला. रेल्वेत आयुष्यभर नट आवळणाऱ्याचं असंच होतं, काय करू.

तू ती जीप आणलीस तो दिवस आठव. सोलापूरकडच्या कुणा हौशी माणसाची गाडी. डोंगरात न्यायला म्हणून त्याने ती कमानींवर ठोकळे घालून, जाड पाटे टाकून, वर उचललेली. तू अंगणात उभी केलीस आणि मला फोन लावलास, "फिटर, ये बग. खालून शेळी जाती." मी आलो तेव्हा खरंच एक शेळी खालून पलीकडे गेली आणि तू असा हसलास की जसं काही ते यंत्र तूच शोधून काढलं. सुमनवहिनींना चढता येईना. तू बादली उपडी घातलीस, तिच्यावर पाय देऊन त्या कशाबशा वर गेल्या आणि वर बसून म्हणाल्या, "आता उतरू कशी?" बरं, तुझं नाव मुंजा. आमच्या शेडमधला पुण्याचा एक साहेब तुझं नाव ऐकून दचकला होता. त्याला वाटलं मी पिंपळावरच्या भुताबद्दल बोलतोय. आपल्याकडे घरटी एक मुंजा असतो हे त्याला काय माहीत. तू ते ऐकून त्या साहेबाला जीपमधून फिरवायचं ठरवलं होतंस. ते राहिलं.

एवढी उंच गाडी कशाला, हे सगळ्यांनी तुला विचारलं. तू सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं दिलीस. मला खरं सांगितलंस. तुझ्या रानाच्या वाटेवरचा तो ओढा. पावसाळ्यात वहिनी मांडीभर पाण्यातून डोक्यावर गवताचा भारा घेऊन यायच्या, आणि एकदा त्यांचा पाय सरकला होता. तू काठावर उभा होतास, तुझ्या हातात बैल होते, सोडता आले नाहीत. वहिनी आपल्या आपण उठल्या आणि काही झालं नाही म्हणाल्या. तू म्हणालास, "फिटर, मला तवा लय भ्या वाटलं. तिला सांगू नको, हसंल." मी सांगितलं नाही. त्यांना हे कधीतरी कळायला हवं होतं, आणि ते तुझ्या तोंडून.

मी ती जीप चालवून पाहिली आणि दुसऱ्या वळणावर थांबवली. जरा वेग धरला की स्टेअरिंग असं थरथरायला लागायचं की हात सुटावेत. तू म्हणालास, "हिच्या अंगात येतं. जरासक हळू केलं की उतरतं." हे ऐकून मला जे बोलायचं होतं ते वहिनी जवळ होत्या म्हणून बोललो नाही. खाली वाकून पाहिलं तर त्या हौशी माणसाने गाडी तेवढी वर नेलेली, आणि स्टेअरिंगचा दांडा जुनाच ठेवलेला. आधी आडवा असायचा तो आता घसरगुंडीसारखा तिरपा. खड्ड्यात चाक खाली-वर झालं की दांडा आपणहून चाकाला ओढणार. एका ठिकाणी तर त्याने स्टेअरिंगचा तुटलेला लोखंडी हात वेल्डिंग करून वर काळा रंग फासला होता. रबरी बुश भेगाळलेले, सांधे खिळखिळे. मी म्हणालो, ठोकळे काढ, गाडी खाली उतरव, निम्मं दुखणं तिथंच जाईल. तू म्हणालास, उतरवायची होती तर घेतली कशाला. हा आपला वाद. तो आपण पूर्ण पावसाळाभर घातला आणि तो अजून मिटलेला नाही. मी अजूनही म्हणतो, उतरवायला हवी होती.

तरी ते रविवार चांगले होते, हे मी नाकारत नाही. पूर्ण्याहून सकाळच्या गाडीने परभणी, तिथून एसटीने तुझ्याकडे. तू पोती अंथरून बसलेला असायचास. डिझेलच्या घमेल्यात एकेक भाग धुवायचा, उजेडात धरून बघायचा आणि मग तीन पोत्यांपैकी एकावर टाकायचा: ठेवायचे, बदलायचे, फेकायचे. फेकायच्या पोत्यावरचं तू मला चुकवून ठेवायच्या पोत्यावर सरकवायचास. "ऱ्हाऊ दे, कामाला येतंय." मी परत उचलून फेकायच्या पोत्यावर. वहिनी चहा आणायच्या आणि म्हणायच्या, दोघं म्हातारे गोट्या खेळायलेत. मला नोकरीत कुणी इतकं हसवलं नाही. माझी बायको म्हणायची, रविवारी तरी लोखंड सोडा. मी लोखंडासाठी येत नव्हतो, मुंजा, हे तुला कळत होतं की नाही कुणास ठाऊक.

बदलायचे भाग आणायला आपण परभणीला मोंढ्यामागच्या भंगारवाल्या हनीफभाईकडे जायचो. तो माणूस तुला माल विकायच्या आधी स्वतःच नापास करायचा. त्याने एक सांधा उचलला, अंगठ्याने हलवला आणि परत टाकला, "ये नको. इसमें खेल है." मग आतून दुसरा काढला, पुसला, मला दाखवला. मीही हलवून पाहिला, घट्ट होता. दोन्ही बाजूंचे तसे बघून घेतले. तू भाव पाडायला तोंड उघडलंस तर तो म्हणाला, "मुंजाभाऊ, स्टेअरिंगमें कंजूसी नको करो." तू पैसे मोजलेस. तू घासाघीस न करता पैसे दिलेले मी क्वचितच पाहिले.

आता त्या लाल रंगाचं. आमच्या शेडमध्ये एक शिस्त आहे. नट पूर्ण आवळला, तो फिरू नये म्हणून पिन घातली, की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका असला की पक्का, नसला की कच्चा. माणूस मधेच उठून गेला तरी दुसऱ्याला कळतं, आणि आपलंच काम आपण विसरलो तरी ठिपका बघितला की पुरे. मी तुला हे सांगितलं आणि पिवळ्या रंगाचा डबा आणतो म्हणालो. पुढच्या रविवारी येतो तर तू आधीच निम्म्या नटांवर लाल ठिपके दिलेले. बघतो तर नेलपॉलिश. छोटी बाटली, झाकणाला ब्रश. कुठून आणलीस म्हणून विचारलं तर डोळा मारलास. मी म्हणालो, लाल नको, पिवळा घे. तू म्हणालास, "कामून? लाल लगीच दिसतंय." मी म्हणालो, गंज लाल, माती लाल, रंग वेगळा हवा. आपण त्यावर चहा संपेपर्यंत भांडलो. मग तू म्हणालास, बाटली उघडली आहे, ती संपू दे, मग तुझा पिवळा. मला कुंकवाचं सुचलं नव्हतं. गंजाचं सुचलं, मातीचं सुचलं. आमच्या बौद्धाच्या घरात पूजेचं कुंकू नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात आलं नाही.

शेवटच्या रविवारी आपण नवे सांधे बसवले. दांड्याची लांबी जीप चाकांवर उभी करून, चाकं सरळ आहेत का ते बघायला दोरी लावून, मगच ठरवायची होती. लांबी कमी-जास्त करायची तर तेच सांधे पुन्हा काढावे लागतात, म्हणून दोन्ही टोकांचे नट नुसते हाताने फिरवून ठेवले. पिनाही घातल्या नाहीत. दोन्ही कच्चे. ठिपका नाही. मी निघताना तू म्हणालास, सोयाबीन काढणीला आलंय, आता आठ-पंधरा दिवस जीपकडं बघणं व्हत न्हाई. मी म्हणालो, बघू नकोसच, मी आलो की दोरी लावू. मग दसरा आला. दसऱ्याला आमची धम्मदीक्षेची गर्दी, मी नागपूरला गेलो. दरवर्षी तू मला छेडायचास, "तुमच्यात दसऱ्याला गाडीला काय करता रे?" आणि मी म्हणायचो, धुतो आणि ऑइल बघतो. यंदा तेही बोलणं झालं नाही.

मग तुझा तो फोन. सोयाबीन घरात आलेलं, तू खुशीत. म्हणालास, दोरी लावली, लांबी जमली, उद्या परभणीला अलाइनमेंट बघून येतो आणि मग तुझ्याकडं पूर्ण्याला. मी विचारलं, "पिना?" तू म्हणालास, "आरं झालं सगळं." दोरीने लांबी बघितलीस तर ती बहुतेक आहे तशीच जुळली, सांधे काढावे लागले नाहीत. ते मला आता कळतंय. तेव्हा मला 'झालं' हा शब्द पुरला. तुझ्या तोंडून तो शब्द मी हजारदा ऐकला आणि त्यातल्या निम्म्या वेळा तो खरा नव्हता, तरी.

तुला अग्नी दिल्यावर दुसऱ्या दिवशी मी जीपखाली शिरलो. अंगणात पुरुष माणसं उभी होती. कालव्याकडच्या बाजूचा दांडा लोंबत होता. सांधा शाबूत होता, आटे स्वच्छ, पिन तुटल्याची खूण नाही. पिन कधी घातलेलीच नव्हती. नट पडून गेलेला. आट्यांच्या मुळाशी लाल काहीतरी होतं. मी दुसऱ्या बाजूला सरकलो. तिथला नट जागेवर होता आणि त्यावर लाल ठिपका. मी तो नट बोटांनी धरला आणि तो फिरला. पानाही लागला नाही. माझ्या अंगठ्याला लाल लागलं. नेलपॉलिश असं हाताला लागत नाही, ते खरवडावं लागतं. मी तो अंगठा उजेडात धरून बघत राहिलो आणि मला काहीच उलगडेना. बाहेर आलो तर सगळे विचारायला लागले, काय झालं. मी म्हणालो, "सांधा गेला."

गेला म्हणजे निसटला. माझ्या मनात तेच होतं. पण गाडीबद्दल 'गेला' म्हटलं की लोक काय समजतात हे तुला सांगायला नको. बॅटरी गेली, क्लच गेला, सांधा गेला. म्हणजे खराब झाला. म्हणजे माल वाईट होता. तिथल्या तिथे कुणीतरी म्हणालं, त्या परभणीच्या भंगारवाल्यानं फसवलं. मी तेव्हा तिथेच म्हणायला हवं होतं की तसं नाही, पण मग कसं ते मलाच ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक झालं दहाव्याच्या दिवशी. बायका उठून गेल्या होत्या आणि वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "भाऊजी, माझ्या पूजेत काय कमी पडलं ते सांगा. खंडेनवमीला उपाशीपोटी गाडी पुजली. हे रानात व्हते, रासच सोडून येईनात. म्या वाकून पाह्यलं तर यांनी खाली काही नटांला कुंकू लावलं व्हतं आन काही तसेच ठिवलेले. मनलं गडबडीत ऱ्हायले आसतील. गाडी उंच, बसल्या बसल्या हात पोचतो. म्या ऱ्हायलेल्या समद्यांला लावलं. एकबी सोडला न्हाई. तरी आमच्या कुळाच्या त्या नरसिंहाला दया आली न्हाई व्हय?"

मी तिथून उठलो आणि विहिरीपर्यंत चालत गेलो. तुला शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या, एक बाई पाणी शेंदत होती ती बघायला लागली. पिवळा म्हणालो होतो मी. तुझी ती बाटली संपायची होती. तू एका माणसासाठी एवढा खटाटोप केलास, तिचा पाय ओढ्यात पडू नये म्हणून, आणि तिच्याच हाताने... हे वाक्य मला पुरं करता येत नाही.

मी ठरवलं, बोलायचं नाही. त्यांना विचारायचं ते त्यांनी नरसिंहाला विचारावं. आणि आणखी एक गोष्ट होती, तुला लपवून उपयोग नाही. लहानपणापासून मी तुझ्या देवांना हसत आलो आणि तू माझ्या हसण्याला हसत आलास. आता मी त्या बाईसमोर उभा राहून म्हणणार, वहिनी, तुमची पूजाच नडली. ते तुझ्या-माझ्या वादातलं शेवटचं वाक्य झालं असतं, आणि त्यांना वाटलं असतं फिटर जिंकला. असं जिंकण्यापेक्षा मी मुका झालेला बरा.

पण तेराव्याला हनीफभाई आला. हातात केळी आणि नारळ, पांढरा कुर्ता, दारातच थांबला. वहिनी उठल्या. माणसांनी भरलेल्या मांडवात म्हणाल्या, "तुमच्या पार्टनं माझं घर बसलं. इथलं पानी बी घिऊ नका."  तो केळी तशीच हातात धरून परत गेला. मी मागे धावलो तर तो फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होता. म्हणाला, "मिलिंदभाई, झूट नको बोलो. मेराच माल था क्या?" मी म्हणालो, तुमचा माल चांगला होता, मी डोळ्यांनी बघितलाय. "तो फिर क्या हुआ?" मी रस्त्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मेरेकू नींद नै आरई भाई. हर गिऱ्हाईक को पार्ट देने से पहले दस बार हिला के देखतूं." एसटी आली, तो चढला. त्याने माझं म्हणणं खरं मानलं नाही. कारण न सांगता दिलेली माफी कुणी खरी मानत नाही.

तेव्हा मला कळलं की हे ओझं मी गप्प बसलो म्हणून नाहीसं होत नाही. ते फक्त दुसऱ्या घरी जातं. तुला विचारावंसं वाटलं, काय करू. तू काय म्हणाला असतास तेही ठाऊक आहे. म्हणाला असतास, "सांग हनीफला की मुंजा गाढव व्हता." तू सगळं स्वतःवर घेतलं असतंस आणि हसण्यावारी नेलं असतंस. पण तू नाहीस, आणि तुझ्यावर घालायचं तरी नटावर लाल कुणी लावलं हा प्रश्न उरतोच.

काल दुपारी गेलो. वहिनी ओसरीवर बियाण्याचं सोयाबीन निवडत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, जरा जीपपाशी चला." त्या सूप बाजूला ठेवून आल्या. मला वाटलं होतं मी नीट शब्द जुळवून आणले आहेत, पण तिथे गेल्यावर एकही सापडेना. शेवटी मी त्यांना खाली बसवलं आणि एक नट दाखवला, तू पक्का केलेला, आधीचा. म्हणालो, ह्याला बोट लावून बघा. त्यांनी घासलं. काही आलं नाही. वाकून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर नेलपॉलिश हाय. माझी. जत्रंतून आणल्याली. म्या लय हुडकली, मनलं पोरी घिऊन गेल्या." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं, मुंजा. तू पकडला गेला होतास.

मग मी दुसरा दाखवला. त्यांनी बोट लावलं आणि बोट लाल झालं. मी सांगितलं: ठिपका म्हणजे पक्का, आमची रेल्वेची रीत, मुंजाने ती घेतली. हा नट आम्ही कच्चा ठेवला होता. ह्याला ठिपका नव्हता. पलीकडच्यालाही नव्हता. एवढंच बोललो. पुढचं त्यांचं त्यांनी जुळवलं, ते मला दिसत होतं. त्या बोट बघत बसल्या. तू गेल्यापासून त्यांच्या हाताला कुंकू लागलं नव्हतं. ते बोट त्यांनी लुगड्याला पुसलं नाही, मातीलाही नाही. बाकीच्या बोटांपासून वेगळं धरून बसल्या.

मला राहवेना. म्हणालो, "वहिनी, ऐका. त्यानं त्या दिवशी खाली बघितलंच नसंल. आळशी माणूस. मी विचारलं तर झालं मनला, न बघताच मनला असंल. बघितलंच नसंल तर मग ठिपका असला काय आन नसला काय." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो, पण बोलता बोलता माझाही त्यावर विश्वास बसला. तू आळशी होतासच. वहिनी ते बोट तसंच धरून उठल्या. मग म्हणाल्या, "हनीफभाईला हे ठाव हाय?"

"माल चांगला होता एवढं सांगितलंय. का ते न्हाई."

"मग सकाळी जाऊ."

आज सकाळी आम्ही एसटीने परभणीला गेलो. बाई महिना न होता घराबाहेर पडली म्हणून शेजारणी दारात आल्या; वहिनींनी कुणाकडे बघितलं नाही. हनीफभाई दुकानात पाने पुसत बसला होता. आम्हाला बघून हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला, त्याला वाटलं आता भांडण. वहिनी पायरीखालीच थांबल्या. म्हणाल्या, "भाई, तुमचा पार्ट चांगला व्हता. चूक आमच्या घरातली हाय. परवा तुमाला पानी घिऊ दिलं न्हाई. आता तुमच्या हातचं मला द्या."

त्याने चूक कसली ते विचारलं नाही. आत गेला, माठातून पेला भरून आणला, दोन्ही हातांनी दिला. वहिनी तिथेच उभ्या राहून तो पूर्ण प्यायल्या. तो तोंड फिरवून पाने लावायला लागला, आधीच लावलेले होते तेही परत लावले. मी ऐकलं ते एवढंच की वहिनी 'माझी' म्हणाल्या नाहीत आणि 'त्यांची'ही म्हणाल्या नाहीत. आमच्या घरातली, म्हणाल्या.

येताना एसटीत गर्दी नव्हती. त्या खिडकीशी बसल्या होत्या, मी पलीकडच्या बाकावर. कालव्याचा भराव आला तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. त्यांनी बघितलं, सगळा भराव मागे पडेपर्यंत. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमी काल मनले ना, यांनी खाली बघितलंच नसंल."

मी म्हणालो, हो, नसंलच बघितलं.

"बघितलं व्हतं. त्या दिशी निघताना यांच्या सदऱ्याला पाठीवर माती लागलेली व्हती. म्याच झटकली."

म्हणजे ते लाल ठिपके तू बघितले होतेस, मुंजा. फाटा आला, आणि आम्ही उतरलो.